दहा दिवसांची परीक्षा : विद्यार्थ्यांच्या गृहरचना-स्पर्धा आणि हवामानाचा प्रश्न (१९५७–२०२१)

(१)

'घर पाहावे बांधून' ही म्हण मराठीत रूढ आहे. घराविषयीचे खरे ज्ञान ते बांधण्याच्या खटाटोपातूनच मिळते, असा तिचा आशय आहे. वास्तुशास्त्राच्या विद्यालयीन शिक्षणात मात्र या अनुभवाला फारसे स्थान नसते. विद्यार्थी कागदावर घर आखतो, परीक्षक कागदावरच त्याला गुण देतो, आणि त्या घरावर कधी पाऊस पडत नाही की ऊन तापत नाही. या रूढ व्यवस्थेला छेद देणारी एक स्पर्धामालिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीजरूपाने दिसू लागली आणि २००२ नंतर तिला निश्चित आकार आला. या मालिकेत विद्यार्थ्यांनी घराची केवळ कल्पना करावयाची नव्हती. ते उभारावयाचे, चालवावयाचे आणि हवेच्या स्वाधीन करावयाचे होते. वाळवंटी उष्मा, चक्रीवादळे, टॉर्नेडो, पूर आणि बर्फ यांना तोंड देणारी घरे अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय बनली.

या स्पर्धांचा इतिहास बहुधा सौरशक्तीच्या तंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते चुकीचे नाही. परंतु त्याने एक मूलभूत प्रश्न दृष्टीआड होतो. टोकाच्या हवामानासाठी योजलेल्या घराची परीक्षा घ्यावयाची कोठे, किती काळ आणि कोणी, हा तो प्रश्न होय. त्याचा विचार करण्यापूर्वी दोन शब्दांतील भेद ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. 'हवा' हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. त्याला संस्कृत 'मान' जोडून 'हवामान' हा संकरित शब्द तयार झाला. बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरमिसळ करून वापरतो. तथापि त्यांच्या घटनेतच एक उपयुक्त भेद दडलेला आहे. आज पडते ती हवा. अनेक वर्षांच्या हवेचे जे मान निघते ते हवामान. घर बांधले जाते ते हवामान पाहून. ते पडते अथवा टिकते ते मात्र एखाद्या दिवशीच्या हवेमुळे. हवामानासाठी बांधलेल्या घरांची परीक्षा दहा दिवसांच्या हवेत होत राहिली, आणि ही विसंगती दूर करण्याचे प्रयत्न कधी नियमांनी, कधी अपघाताने, तर कधी आपत्तीमुळे घडत गेले. या स्पर्धांच्या इतिहासाचे मर्म यातच शोधावे लागते.

(२)

या स्पर्धांची पूर्वपीठिका अमेरिकेतील सौरगृहांच्या प्रयोगांत सापडते. १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हॉयट हॉटेल यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रायोगिक सौरगृह उभे राहिले. १९४८ मध्ये त्याच राज्यातील डोव्हर या गावी रसायनशास्त्रज्ञ मारिया टेल्केश आणि वास्तुशिल्पकार एलिनॉर रेमंड यांनी अमेलिया पीबॉडी यांच्या आर्थिक साहाय्याने दुसरे एक घर बांधले. सूर्याची उष्णता ग्लाउबर क्षारात साठवून ठेवावयाची आणि हिवाळ्याच्या रात्री ती घराला पुरवावयाची, अशी त्यात योजना होती. त्या घरात एक कुटुंब प्रत्यक्ष राहावयास गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रारंभीच्या हिवाळ्यांत व्यवस्था बऱ्यापैकी चालली. पुढे क्षाराचे घटक एकमेकांपासून अलग होऊ लागले, साठवणशक्ती क्षीण झाली, आणि शेवटी घराला नेहमीची भट्टी बसवावी लागली. प्रयोग फसला असे म्हणून हा प्रसंग सोडून देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः एकच आठवडा पाहणी करून तो प्रयोग थांबविला असता, तर तो पूर्णपणे यशस्वी म्हणून नोंदला गेला असता. दोष उघडकीला आला तो लागोपाठ आलेल्या हिवाळ्यांमुळे आणि तेथे माणसे राहत होती म्हणून.

या पार्श्वभूमीवर १९५७ ची स्पर्धा पाहावयास हवी. १९५५ मध्ये ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी उपयोजित सौरशक्तीविषयी जागतिक परिषद भरली होती. तेथील उपयोजित सौरशक्ती संघाने १९५७ मध्ये फीनिक्सजवळच्या वाळवंटी प्रदेशात बांधावयाच्या सौरगृहासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. ही स्पर्धा केवळ विद्यार्थ्यांसाठी नव्हती. तरीही पहिला क्रमांक मिळाला तो मिनेसोटा विद्यापीठातील पीटर ली या विद्यार्थ्याच्या आराखड्याला. रॉबर्ट ब्लिस या त्याच्या अध्यापकाचे साहाय्य त्याला लाभले होते. आलेल्या आराखड्यांतून निवडलेल्या साठ आराखड्यांचा संग्रहही पुढे प्रसिद्ध झाला. लीच्या रचनेचा विशेष म्हणजे छतावरील फिरत्या पट्ट्यांची मांडणी. सूर्याच्या गतीप्रमाणे वळणाऱ्या या पट्ट्या एकीकडे पाणी तापवीत आणि दुसरीकडे खालच्या अंगणांवर सावली धरीत. वाळवंटात सूर्य हा दाताही आहे आणि वैरीही आहे. त्याचे घ्यावे तेवढेच घेऊन उरलेले थोपवावे, हा विचार त्या एकाच साधनात मूर्त झाला होता.

सौरगृह म्हणजे केवळ ऊर्जा मिळविणारे घर नव्हे, हवेपासून रक्षण करणारे घरही तेच, ही जाणीव फीनिक्सच्या आराखड्यात होती. पुढील काळात ती मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर सौरशक्तीचे महत्त्व एकाएकी वाढले. परंतु सारे लक्ष किती इंधन वाचले या एका मोजमापावर खिळले. तेल स्वस्त होताच तो उत्साहही ओसरला.

(३)

१९९० च्या दशकात अमेरिकेत विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या सौर मोटारींच्या शर्यती लोकप्रिय झाल्या होत्या. त्या उपक्रमाशी संबंधित असलेले अमेरिकी ऊर्जा खात्यातील रिचर्ड किंग यांनी हीच कल्पना घराला लागू केली, आणि २००२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीवर पहिली 'सोलर डेकॅथलॉन' भरली. ग्रीक 'देका' हा संस्कृत 'दश' या शब्दाचा सगोत्र, आणि 'आथ्लोन' म्हणजे स्पर्धा अथवा तीत जिंकावयाचे पारितोषिक. दहा क्रीडाप्रकारांत एकाच खेळाडूची कसोटी लागते, तशी येथे एकाच घराची दहा अंगांनी कसोटी घ्यावयाची होती. पहिल्या स्पर्धेत चौदा विद्यापीठीय संघ उतरले. कोलोरॅडो विद्यापीठाचा बोल्डर येथील संघ विजयी झाला, आणि २००५ मध्येही त्याच विद्यापीठाने ते यश पुन्हा मिळविले.

स्पर्धेचे नियम विलक्षण बारकाईने रचलेले होते. घर लहान असावे, आपल्या गावी बांधून मालमोटारींतून वॉशिंग्टनला आणावे, काही दिवसांत जोडावे आणि स्पर्धेनंतर उकलून परत न्यावे. काही कसोट्या परीक्षकांच्या मतावर, तर काही उपकरणांच्या मापनावर अवलंबून होत्या. स्नानासाठी ठराविक उष्णतेचे पाणी ठराविक वेळात मिळाले पाहिजे, टॉवेल धुऊन सुकविले पाहिजेत, शीतपेटी योग्य तापमानावर राहिली पाहिजे, आणि पुढील स्पर्धांत तर शेजारच्या संघांना भोजनास बोलावून स्वयंपाकही करून दाखविला पाहिजे, अशा अटी होत्या. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला टॉवेल सुकविण्याचा विचार करावयास लावणारी ही बहुधा पहिलीच परीक्षा असावी. गृहस्थाश्रमाची ही रंगीत तालीमच होती म्हणा ना!

प्रारंभीच्या तीन स्पर्धांत घरे सार्वजनिक वीजपुरवठ्याला जोडलेली नव्हती. सूर्य देईल तेवढी वीज बॅटऱ्यांत साठवावी, तीतून घर चालवावे आणि उरलेल्या विजेवर एक विद्युत्-मोटार शक्य तितकी दूर चालवावी, असा संकेत होता. २००५ च्या ऑक्टोबरात स्पर्धेच्या काळात वॉशिंग्टनवर ढग दाटले आणि मोठा पाऊस झाला. सूर्यावर विसंबलेली अठरा घरे दिवसचे दिवस अभ्राच्छादित आकाशाखाली उभी राहिली. दिवे, शीतपेटी आणि मोटार यांपैकी कशाला किती वीज द्यावयाची, हा हिशेब विद्यार्थ्यांना तासातासाला करावा लागला. नियमांत कोठेही न लिहिलेली अकरावी कसोटी अशा रीतीने आकाशानेच घातली.

या प्रसंगातून घेतलेला धडा लवकरच दिसून आला. २००९ मध्ये घरे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला जोडण्यात आली, आणि जादा वीज जाळ्याला देणाऱ्या घराला अधिक गुण मिळू लागले. त्या वर्षी जर्मनीतील डार्मश्टाट तंत्रविद्यापीठाने, २००७ च्या पाठोपाठ, दुसऱ्यांदा विजय मिळविला. त्यांच्या घनाकृती घराच्या छपरावरच नव्हे, तर भिंतींवरही सौरपट्टिका बसविलेल्या होत्या. स्पर्धेत तीन दिवस पाऊस पडला असूनही त्या घराने आपल्या गरजेपेक्षा अधिक वीज निर्माण केली. ढगाळ प्रदेशातील विद्यार्थ्यांनी ढगाळ दिवस गृहीत धरूनच घर आखले, हे त्या यशाचे एक रहस्य होय. मात्र जाळ्याला जोडल्यामुळे एक कसोटी नाहीशीही झाली. वादळात वीजपुरवठा खंडित झाल्यावर घराचे काय होते, हा प्रश्न त्या गुणतक्त्यातून निसटला.

(४)

गुणतक्ता हा कोणत्याही स्पर्धेचा खरा शिल्पकार असतो. विद्यार्थी हवामानासाठी घर आखतात असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात ते गुणतक्त्यासाठीही घर आखीत असतात. या दृष्टीने दोन नियमांचा परिणाम तपासण्यासारखा आहे.

पहिला नियम सुखकर तापमानाचा. २०११ च्या स्पर्धेत घरातील तापमान ७१ ते ७६ अंश फॅरनहाइट, म्हणजे स्थूलमानाने २२ ते २४ अंश सेल्सिअस, या अरुंद पट्ट्यात राखले असता पूर्ण गुण मिळत. आर्द्रताही ठराविक मर्यादेखाली ठेवावी लागे. मापनाच्या सोयीसाठी असा पट्टा आवश्यक होता हे मान्य करावे लागेल. परंतु त्यामागे माणसाविषयीचे एक गृहीतक आहे: सर्व माणसांना, सर्व ऋतूंत, सर्व देशांत तेच तापमान सुखावह वाटते. भारतातील संशोधनाने हे गृहीतक स्वीकारलेले नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी भारतीय कार्यालयांची पाहणी करून अनुकूलनशील सुखमानाचे प्रतिमान मांडले. बाहेरील हवा तापत जाते तसतशी माणसाची सुखाची मर्यादाही वर सरकते, असा त्याचा इत्यर्थ आहे. अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या विदर्भातील गृहस्थाला हे संशोधकांनी सांगावयास नको होते. गुणतक्ता करणाऱ्यांना मात्र सांगावे लागले.

दुसरा नियम घर वाहून नेण्याचा. त्याचे परिणाम अधिक दूरगामी आहेत. मालमोटारीवर चढणारे घर हलके असणे क्रमप्राप्त आहे. म्हणून या घरांत लाकडी सांगाडा आणि उष्णतारोधक द्रव्यांनी भरलेल्या पोकळ भिंती यांचे प्राबल्य राहिले. उलट, जगातील उष्ण व कोरड्या प्रदेशांनी शतकानुशतके जो उपाय वापरला तो जाड, जड भिंतीचा. मराठवाडा व सोलापूर भागातील माळवदाची घरे याचे उत्तम उदाहरण होत. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर दिवसाची उष्णता पिऊन घेतात आणि ती आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. छतातील सवण्यातून उजेड येतो आणि तापलेली हवा बाहेर पडते. ही घरे मालमोटारीतून नेता येत नाहीत. त्यामुळे ज्या ज्ञानाला वजन होते, तेच ज्ञान स्पर्धेबाहेर राहिले. २०१७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने काँक्रीटच्या तयार पटलांचे घर स्पर्धेत आणले. हे उदाहरण विरळा म्हणूनच लक्षात राहते.

तथापि परंपरेचा गौरव करताना सावधगिरी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा उष्म्यापासून रक्षण करणाऱ्या याच जड भिंती आणि मातीची छपरे माणसांच्या अंगावर कोसळली. कोकणातील घराचेही असेच आहे. उतरते छप्पर आणि लांब बाहेर काढलेली वळचण पावसासाठी योग्य. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि मातीची भिंत भिजत नाही. परंतु चक्रीवादळात वारा शिरतो तो त्या वळचणीखालीच, आणि छप्पर उचलतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. एका आपत्तीवरचा उपाय दुसऱ्या आपत्तीत घातक ठरतो. टोकाच्या हवामानासाठी घर आखणे हा म्हणूनच एकाच गुणाचा कमाल विकास नसून परस्परविरोधी गरजांतील तडजोड आहे. दहा कसोट्यांची बेरीज करणाऱ्या पद्धतीला ही तडजोड अंशतःच दिसते.

(५)

आपत्ती या स्पर्धांत शिरली ती विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रांतांतून. ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना चक्रीवादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याची वाताहत केली. २००९ च्या स्पर्धेत लुइझियाना विद्यापीठाच्या लाफायेत येथील संघाने 'बोसोलेय' या नावाचे घर आणले. त्या प्रांतातील जुन्या घरांत दोन खोल्यांच्या मधून आरपार जाणारी, वारा खेळविणारी मोकळी पडवी असे. विद्यार्थ्यांनी ती कल्पना उचलून हवेप्रमाणे उघडता अथवा मिटता येणारा मधला भाग योजला, आणि वादळाचा मारा सोसेल अशी बांधणी केली. या घराला प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळाले आणि बाजारातील उपयुक्ततेच्या कसोटीतही ते पहिले आले. सामान्य प्रेक्षकाने आपल्या भाषेत बोलणारे घर ओळखले, असे म्हणता येईल.

२ मार्च २०१२ रोजी इंडियाना राज्यातील हेन्रीव्हिल या गावावर टॉर्नेडो आदळला. २०१३ मध्ये लुईव्हिल, केंटकी व बॉल स्टेट या विद्यापीठांच्या संयुक्त संघाने आपत्तिग्रस्तांना लवकर उभारता येईल असे घर आखले आणि त्याला राखेतून पुन्हा उठणाऱ्या फीनिक्स पक्ष्याचे नाव दिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीचा किनारा बुडविला. त्या किनाऱ्यालगतच्या स्टीव्हन्स तंत्रसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'शुअर हाउस' बांधले. घराचा खालचा भाग बोटबांधणीतील तंतुमिश्र द्रव्यांनी जलरोधक केलेला. खिडक्यांवरील मोठी झापे एरव्ही सावली देत आणि वादळात मिटून ढाल बनत. वीजपुरवठा बंद पडला तरी सौरविजेवर घराच्या मुख्य गरजा भागाव्यात आणि शेजाऱ्यांनाही आपली लहान उपकरणे बाहेरून भारित करता यावीत, अशी सोय होती. २००९ मध्ये गुणतक्त्यातून निसटलेला प्रश्न येथे विद्यार्थ्यांनी आपण होऊन परत आणला, आणि त्या वर्षीचे पहिले पारितोषिक याच घराला मिळाले. २०१७ मध्ये अलाबामातील संघाने घराच्या गाभ्यातच टॉर्नेडोपासून आश्रय देणारी भक्कम खोली बांधली.

या काळात 'रेझिलियन्स' हा शब्द वास्तुशास्त्रात सर्वत्र ऐकू येऊ लागला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ मागे उसळणे असा आहे. त्याला मराठीत एकच प्रतिशब्द योजण्याचा प्रयत्न केला की अर्थाची ओढाताण होते. कारण त्यात निदान तीन भिन्न क्रिया एकवटलेल्या आहेत. आघात परतविणे हा प्रतिकार. आघात चालू असताना टिकून राहणे म्हणजे तग धरणे. आघातानंतर पूर्ववत होणे म्हणजे सावरणे. अलाबामाची खोली प्रतिकार करते. न्यू जर्सीचे घर तगही धरते. इंडियानाचे घर सावरण्यासाठी आहे. मराठीतील हे तीन शब्द वेगळे ठेवल्यास विद्यार्थ्याला आपण नेमके काय साधीत आहोत हे अधिक स्पष्ट कळेल.

(६)

आता मूळ विसंगतीकडे वळावे. न्यू जर्सीचे पूररोधक घर तपासले गेले ते कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे, कोरड्या ऑक्टोबरात. तेथे पूर आला नाही. त्याच ठिकाणी २०१३ मध्ये व्हरमाँट राज्यातील नॉर्विच विद्यापीठाने 'डेल्टा टी-९०' हे घर आणले होते. कडाक्याच्या हिवाळ्यात घराच्या आत आणि बाहेर ९० अंश फॅरनहाइटचा फरक राखता यावा, हा त्या नावाचा अर्थ. हिमप्रदेशातील त्या घराला कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभे राहून आपली योग्यता सिद्ध करावी लागली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच संदर्भात. २०१४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील व्हर्साय येथे युरोपीय सोलर डेकॅथलॉन भरली. तीत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आणि रचना संसदच्या वास्तुविद्यालयाचे विद्यार्थी 'टीम शून्य' या नावाने उतरले. सोलर डेकॅथलॉनमध्ये भाग घेणारा हा पहिला भारतीय संघ होय. जितकी ऊर्जा वापरावी तितकीच निर्माण करावी, म्हणजे बाकी शून्य राहावी, हा नावामागील संकेत. भारतीय हवामान आणि भारतीय कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून योजलेले हे घर फ्रान्सच्या सौम्य उन्हाळ्यात जोखले गेले. मुंबईचा पाऊस म्हणजे काय, हे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात नोंदल्या गेलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने दाखविलेच होते. व्हर्सायच्या हिरवळीवर त्याची आठवण ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांच्या कल्पनेवरच सोपविलेले होते. त्यामुळे त्यांच्या परिश्रमाचे मोल उणावत नाही. परीक्षेच्या मर्यादा तेवढ्या स्पष्ट होतात.

२०१८ च्या नोव्हेंबरात दुबई येथे भरलेल्या मध्यपूर्वेतील पहिल्या स्पर्धेत उष्मा, आर्द्रता आणि धूळ हेच आव्हान म्हणून घोषित केले गेले. टोकाचे हवामान स्पर्धेच्या शीर्षस्थानी येण्याचा हा प्रसंग. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ पहिले, तर ऑस्ट्रेलियातील वुलाँगाँग विद्यापीठ दुसरे आले. वुलाँगाँगच्या घराची योजना वृद्ध आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी होती, आणि ती विशेष विचारपूर्वक केलेली होती. कारण उष्म्याने प्रथम दगावतात ती अशीच माणसे. परंतु दुबईचा नोव्हेंबर हा सुखद महिना असतो. चाळीस अंशांच्या वर जाणारा तेथील दमट उन्हाळा स्पर्धेच्या मांडवात आलाच नाही. त्याच शहराच्या जुन्या बस्तकिया भागात प्रवाळाच्या दगडांची, वाऱ्याचे मनोरे असलेली घरे उभी आहेत. इराणमधून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेल्या त्या घरांनी अनेक उन्हाळे पाहिले. त्यांचा गुणतक्ता कोणी मांडला नाही.

कधी कधी हवा मात्र आपण होऊन परीक्षेला आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे स्पर्धा ऐन भरात असताना बर्फ पडले. स्वित्झर्लंडच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. सर्व संघांना एकाच आठवड्यात ऊन आणि हिम दोन्ही अनुभवावी लागली. नियमकर्त्यांनी योजून घडविता आली नसती अशी ती परीक्षा होती.

(७)

विसंगती दूर होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग कोणाच्याही योजनेत नव्हता. २०२० मध्ये महामारी पसरली. वॉशिंग्टनमध्ये घरे एकत्र आणणे अशक्य झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपापल्या गावीच घरे बांधावीत आणि परीक्षकांनी दुरून ती पाहावीत, असे ठरले. निकाल एप्रिल २०२१ मध्ये लागला. पहिला क्रमांक पुन्हा कोलोरॅडो विद्यापीठाला मिळाला. परंतु यावेळचे घर उकलून न्यावयाचे नव्हते. रॉकी पर्वतातील फ्रेझर या अत्यंत थंड गावी, तेथेच राहणाऱ्या कुटुंबासाठी ते बांधले होते. दुसरा क्रमांक लास व्हेगास येथील नेव्हाडा विद्यापीठाच्या घराला मिळाला. तेही आपल्याच मोहावी वाळवंटात उभे होते. थंडीचे घर थंडीत आणि उन्हाचे घर उन्हात, अशी स्थिती या मालिकेत एवढ्या स्पष्टपणे प्रथमच आली. डोव्हरच्या घराला १९४८ मध्ये जे लाभले होते, म्हणजे स्वतःची जागा आणि राहणारी माणसे, ते विद्यार्थ्यांच्या घराला अखेर लाभले.

भारतात २०२० पासून सुरू झालेल्या सोलर डेकॅथलॉन इंडिया या स्पर्धेने निराळी वाट धरली. येथे घर बांधून वाहून न्यावयाचे नव्हते. प्रत्यक्ष बांधल्या जाणाऱ्या एखाद्या प्रकल्पाच्या चालकांशी जोडून घेऊन विद्यार्थ्यांनी त्यासाठी आराखडा करावयाचा होता. वरवर पाहता हे पुन्हा कागदाकडे वळणे होय. परंतु तिच्या विभागांची नावे वाचली म्हणजे एक फरक जाणवतो. एका कुटुंबाचे घर आणि अनेक कुटुंबांची इमारत यांच्या बरोबरीने आपत्तीतील सामुदायिक निवारा, आणि बांधकामाच्या जागेवरील मजुरांची वसाहत, हेही विभाग तीत होते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोपटात राहून दुसऱ्यांची घरे बांधणारा मजूर हा टोकाच्या हवामानाचा सर्वांत निकटचा साक्षीदार आहे. त्याचे घर वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात क्वचितच येते. वॉशिंग्टनच्या स्पर्धेने घर कसे चालते असे विचारले, दुबईच्या स्पर्धेने ते कोणत्या हवेत चालते असे विचारले. भारतीय स्पर्धेने त्यात कोणाचे घर, या प्रश्नाची भर घातली.

१९५७ पासूनच्या या इतिहासाचा निष्कर्ष असा काढता येतो. स्पर्धांनी विद्यार्थ्यांना कागदावरून जमिनीवर आणले, यंत्रज्ञ आणि वास्तुविशारद यांना एका छपराखाली काम करावयास लावले, आणि स्नानाच्या पाण्यापासून वादळातील झापांपर्यंत घराच्या प्रत्येक अंगाचा हिशेब द्यावयास शिकविले. हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु दहा दिवसांत हवा मोजता येते, हवामान मोजता येत नाही. आणि उत्पात तर परीक्षेच्या वेळापत्रकानुसार येतच नाही. म्हणून विजयी घरांच्या यादीपेक्षा त्या घरांचे पुढे काय झाले याची नोंद अधिक मोलाची ठरेल. पाच पावसाळे अथवा पाच हिवाळे गेल्यावर छप्पर गळते काय, भिंत ओल धरते काय, उष्म्याच्या रात्री आतील माणसाला झोप लागते काय, हे जाऊन पाहणे हे वास्तुशास्त्राइतकेच इतिहासाचेही काम आहे. त्यासाठी उपकरणांइतकीच त्या घरात राहणाऱ्यांची साक्षही लागेल. गळणारे छप्पर प्रथम दिसते ते त्याखाली निजलेल्याला. गुणतक्त्यात त्याच्या शब्दासाठी एक रकाना असणे अगत्याचे आहे.